रोह्याची पांदण

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, वीजबिल आहे, पीकविमा आहे. सगळ्यात शेवटी 'रस्ते व वन्यप्राणी' असे लिहिलेले वाचून मघाशी मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले. एक जण तर मोठ्याने म्हणाला, "साहेब, रोही गाडीखाली मेला की आम्हाला पेढे वाटावेसे वाटतात, आणि तुम्ही त्याच्यासाठी पूल मागायला निघालात?"

त्या भावाला मी दोष देत नाही. एका रात्रीत कळपाने हरभरा खुडून नेला की काय वाटते ते ज्याचे वावर त्यालाच माहीत. दिवसभर कापूस वेचायचा आणि रात्री माळ्यावर बसून डबा वाजवायचा, हे आपल्यातल्या किती घरांत चालते? हात वर करा म्हटले तर सारा मांडव हात वर करील. ज्वारीचा पेरा मोडला त्याला कारणे पुष्कळ आहेत, पण पाखरे, डुक्कर आणि रोही यांना कंटाळून ज्वारी सोडलेले शेतकरी माझ्यासमोर बसले आहेत. जागलीच्या रात्रींची मजुरी आपण स्वतःसुद्धा कधी खर्चात लिहीत नाही.

तेव्हा मी प्राणिमात्रांवर दया करा असे सांगायला उभा नाही. मी हिशेब सांगायला उभा आहे. माझे म्हणणे एका वाक्याचे आहे. रस्ता जेव्हा जनावराची वाट बंद करतो, तेव्हा तो आपलीही वाट बंद करतो, आणि दोघांची वाट एकाच पुलाने मोकळी होते. तो पूल नकाशा पक्का होण्याआधी मागावा लागतो. नंतर मागून मिळत नाही.

दोन सिमेंटचे पाईप

आमच्याकडच्या एका गावाची गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही, कारण अशी गावे तुमच्याही तालुक्यात आहेत.

गावाबाहेर नाला होता आणि नाल्यावर जुना दगडी पूल. वरून डांबरी रस्ता, खालून आठ महिने कोरडे पात्र. त्या पात्रातून पलीकडच्या शिवारात जायची पांदण होती. दिवसा बैलबंड्या जायच्या, गुरे जायची. रात्री त्याच वाळूत रोह्याचे, डुकराचे, कोल्ह्याचे पाय उमटायचे. पलीकडे पाझर तलाव, अलीकडे झुडपी जंगल. जनावर पाण्याला जायचे आणि परत यायचे. कोणी ती वाट आखून दिली नव्हती, पण ती पांदणच होती. रोह्याची पांदण म्हणा.

मग रस्ता चौपदरी झाला. भराव घालून उंच केला, मधे सिमेंटचा दुभाजक उभा केला. दगडी पूल पाडला आणि त्याच्या जागी दोन सिमेंटचे पाईप टाकले. पाईपातून पाणी जाते, असे कागदावर होते.

पुढे चार गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे, ज्यांची वावरे पलीकडे होती त्यांना दुभाजकाच्या फटीपर्यंत जाऊन वळसा घालावा लागू लागला. बंडी घेऊन ट्रकच्या रांगेत शिरायचे. दुसरी, पहिल्याच मोठ्या पावसात पाईप काडीकचऱ्याने तुंबले, पाणी मागे फुगले आणि सात-आठ जणांची पऱ्हाटी पाण्यात उभी राहून पिवळी पडली. तिसरी, रोह्याचा कळप अलीकडेच अडकला. आधी तो येऊन जात असे, आता तो आपल्याच तुरीत आणि हरभऱ्यात मुक्कामाला राहिला. चौथी गोष्ट सांगताना मला अजून जड जाते. माघातल्या एका पहाटे जागलीवरून मोटारसायकलने घरी येणाऱ्या पोरासमोर भराव चढून रोही आला. पोराचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ज्या जनावराला हाकलायला तो रात्रभर जागला, तेच त्याला रस्त्यावर आडवे आले.

यात चूक कोणाची? ठेकेदाराची आहे, साहेबांची आहे, हे खरेच. पण मोजणीच्या दिवशी मी स्वतः त्या गावात हजर होतो. जमिनीचा दर वाढवून घेण्यात आम्ही सगळे इतके गुंतलो की नकाशातला जुना पूल कुठे गेला, हे कोणी पाहिलेच नाही. दराची भांडणे आम्ही जिंकलो आणि वाट हरलो. म्हणून आज हा विषय मी आग्रहाने पत्रिकेवर घातला.

जनावर रस्त्यावर का येते?

शेतकी कॉलेजात आम्हाला बोंडअळीचे जीवनचक्र पाठ करायला लावले होते. अळी कुठे लपते, कधी बाहेर येते हे कळले की तिचा बंदोबस्त सोपा. रोह्याचा असा अभ्यास आपण कधी केला नाही.

जनावर मरायला रस्त्यावर येत नाही. ते पाणी, चारा आणि जोडीदार यांच्यामागे फिरते, आणि फिरताना नाल्याचा काठ, झुडपाचा आडोसा धरते. नाला जिथे रस्त्याला भेटतो तिथे वाट मिळाली नाही तर ते भराव चढते. रस्त्याच्या कडेला मुरूम खोदून केलेले खड्डे पावसाळ्यानंतर पाण्याने भरलेले राहतात, तिथे ते पाणी प्यायला थांबते. ट्रकमधून सांडलेले धान्य, कडेचे कोवळे गवत त्याला ओढते. साप रात्री तापलेल्या डांबरावर पडून राहतो. समोरून दिव्यांचा झोत आला की रोही आणि ससा जागीच थबकतात. आणि दुभाजक उंच असला तर अर्धा रस्ता ओलांडलेले जनावर मधेच अडकते, तिथून परत फिरते आणि मागच्या गाडीखाली येते.

आता गाडीवानाची बाजू पाहा. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. दिसले, कळले आणि ब्रेकवर पाय गेला, यात एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच गाडी तीसेक मीटर पुढे गेलेली असते. पूर्ण वाढलेला रोही नर दोन क्विंटलच्या वर भरतो. मोटारसायकलवाल्याला ती धडक भिंतीवर आदळण्यासारखीच. नुसत्या 'सावकाश जा' या पाटीने हे थांबत नाही.

पेंचमध्ये काय झाले

पूल बांधला तर जनावर त्याखालून जाईल कशावरून, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर आपल्या विदर्भातच आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करायचे ठरले तेव्हा मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयांत गेले, वर्षानुवर्षे काम अडले. शेवटी रस्ता झाला, पण महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना खालून जाण्यासाठी नऊ ठिकाणी मोकळी जागा सोडून झाला. त्यातली लहान जागा ५० मीटर रुंद आहे आणि मोठी ७५० मीटर. वरून ट्रक जातात, खाली माती तशीच ठेवली आहे, आणि दिव्यांचा झोत व आवाज खाली जाऊ नये म्हणून कडेला आडोसे लावले आहेत.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात त्या पुलांखाली कॅमेरे लावले. वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रे मिळाली. १८ जातींचे प्राणी खालून गेले. अकरा वेगवेगळ्या वाघांनी ८९ वेळा ती वाट वापरली. पण आपल्या कामाची गोष्ट अशी की, सगळ्यात जास्त वापर करणाऱ्यांत चितळ, सांबर, रानगवा यांच्या जोडीला आपला रोही आणि आपले रानडुक्करही होते. म्हणजे ज्यांच्याशी आपला रोजचा झगडा, ती जनावरे वाट दिली तर वाटेने जातात.

परदेशातही हेच दिसले. कॅनडात बॅन्फ नावाच्या राष्ट्रीय उद्यानातून मोठा महामार्ग जातो. तिथे १९८० च्या दशकापासून दोन्ही बाजूंनी कुंपण घातले आणि टप्प्याटप्प्याने ४४ ठिकाणी वाटा केल्या. सहा रस्त्यावरून, बाकीच्या खालून. गाडी आणि जनावर यांच्या धडका ८० टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. काही प्राण्यांना त्या वाटेची सवय व्हायला चार-पाच वर्षे लागली. यातून एक धडा घ्यायचा. वाट न देता नुसते कुंपण घातले तर जनावर कोंडले जाते, आणि कुंपण न घालता नुसती वाट दिली तर ते पुन्हा रस्त्यावर चढते. दोन्ही बरोबर लागतात.

पेंच ठीक, पण आपल्या शिवाराचे काय?

पेंच हा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वाघासाठी भांडणारे लोक होते. आपल्या शिवारात कोण भांडणार? सरकारी नकाशावर आपले वावर म्हणजे नुसते वावर. जनावराच्या लेखी मात्र तेही जंगलाचाच भाग आहे. याचा पुरावा २०१९ मध्ये एका वाघानेच दिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरणा वाघ जूनमध्ये निघाला. तेलंगणाच्या हद्दीत जाऊन आला, मराठवाड्यातून फिरला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची १,३०० किलोमीटर चाल झाली होती. वर्तमानपत्रांनी त्याचे नाव 'वॉकर' ठेवले. ही चाल कोणत्या जंगलातून झाली? बरीचशी आपल्याच कपाशीतून आणि तुरीतून, नाल्याच्या काठाने, रात्रीच्या अंधारात. वाटेत त्याने किती रस्ते ओलांडले असतील!

त्याचे नशीब चांगले. बोरच्या जंगलातला 'बाजीराव' नावाचा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेने मेला. वाघ मेला म्हणून ती बातमी झाली. रोज मरणारे कोल्हे, खोकड, साप, घुबडे यांची बातमी होत नाही. पण ज्वारीतल्या आणि हरभऱ्यातल्या उंदरांवर फुकटात पहारा करणारी मंडळी हीच आहेत. त्यांना मारून आपण डुक्कर आणि उंदीर यांना मोकळे रान देतो.

आता नवे रस्ते पाहा. समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईच्या बाजूला ७०१ किलोमीटर, दहा जिल्ह्यांतून. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. बहुतेक ठिकाणी त्याची पट्टी १२० मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजू बंद. त्याखाली प्राण्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी वाटा काढल्या गेल्या, त्या कुठे उपयोगी पडल्या आणि कुठे तुंबल्या हे त्या कडेच्या गावांनीच पाहून सांगायचे आहे. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्गाचा आराखडा शासनाने मांडला. तो व्हावा की होऊ नये हा वाद वेगळा, ज्यांच्या जमिनी जातात त्यांनी विरोध उभा केला आहे. पण कोणताही रस्ता होवो, वाटेचा प्रश्न त्याच्याबरोबर येणारच.

वाट कशी असावी?

इंजिनिअर साहेबांसमोर बोलायला आपल्याला माप पाहिजे. माझे माप साधे आहे. कडब्याने भरलेली बंडी ज्या पुलाखालून अडखळल्याशिवाय जाते, त्या पुलाखालून रोही जायची आशा आहे. ज्या पाईपातून माणूस वाकूनसुद्धा जात नाही, त्यातून मुंगूस आणि ससा जाईल, रोही जाणार नाही.

जनावर अंधाऱ्या बोगद्यात शिरत नाही. अलीकडे उभे राहिल्यावर पलीकडचा उजेड आणि झाडोरा दिसला पाहिजे. रस्ता जितका रुंद, तितकी खालची वाट उंच आणि रुंद हवी. तळ सिमेंटचा नको, मातीचा हवा. नाल्याला पाणी असेल तर एका कडेने कोरडी पट्टी हवी. दोन्ही बाजूंनी थोड्या अंतरापर्यंत कुंपण हवे, म्हणजे जनावर वाटेच्या तोंडाशी येते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जागा. जिथे आधीपासून त्याची पांदण आहे तिथेच वाट पाहिजे. ठेकेदाराला सोयीची म्हणून दोन किलोमीटर पुढे बांधलेली वाट रिकामीच राहते.

दाट जंगलात जनावरांची वाट फक्त जनावरांचीच असावी, तिथे माणसांची वर्दळ नको. पण शिवारात दिवसा आपण आणि रात्री ते, अशी वाटणी चालते. जुन्या पुलाखाली ती चालतच होती.

आपण काय करायचे?

एक. प्रत्येक गावाने शंभर पानी वही करावी. रस्त्यावर मेलेले जनावर दिसले की तारीख, वेळ, जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा आणि जनावराचे नाव लिहावे. माणसाचा अपघात जनावरामुळे झाला असेल तर तोही लिहावा. जखमी जनावर दिसले तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वर्षभरात वहीच सांगेल की पूल कुठे हवा. साहेब तोंडी बोलणे विसरतात, आकडा विसरता येत नाही.

दोन. नव्या रस्त्याच्या खुणा पडायच्या आत गावाने स्वतःचा नकाशा काढावा. नाले, पांदणी, पाणवठे, गुरांच्या वाटा, रोह्याच्या वाटा. हे गुराख्याला आणि जागल्याला पाठ असते. ग्रामसभेत ठराव करून नकाशा जोडावा आणि त्याची पोच घ्यावी.

तीन. नव्या राष्ट्रीय महामार्गाला पर्यावरण परवानगी लागते आणि २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याआधी जनसुनावणी होते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी निघते, आणि अहवालाचा गोषवारा मराठीत मिळाला पाहिजे. तिथे जाऊन दर वाढवा एवढेच म्हणू नका. अमुक नाल्यावर अमुक मापाचा पूल, असे लेखी द्या. रस्ते, रेल्वे यांनी प्राण्यांसाठी काय सोयी कराव्यात याची मार्गदर्शिका वन्यजीव संस्थेने २०१६ मध्येच काढलेली आहे. तिचा उल्लेख करा.

चार. रस्त्याने वावराचे दोन तुकडे पडत असतील तर त्या नुकसानीची भरपाई वेगळी मागा. राष्ट्रीय महामार्ग कायद्याचे कलम ३-जी आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम २८ यांत, जमीन तोडल्यामुळे होणारे नुकसान विचारात घ्यावे असे म्हटले आहे. वाट देणार नसाल तर वळशाचे पैसे द्या, असे म्हटल्यावर वाटेचा विचार लवकर होतो.

पाच. जुन्या रस्त्यांवर नवा पूल लगेच मिळणार नाही. पण पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करणे, कडेचे खड्डे बुजवणे, वळणावरची झुडपे तोडणे, वहीत जिथे जास्त अपघात निघतील तिथे वेग कमी करायची सोय करणे, हे मागता येते.

सहा. हे आपल्याला स्वतःला सांगायचे आहे. पुलाच्या तोंडापर्यंत नांगर नेऊ नका, तिथे काटे घालू नका. आणि कुंपणाच्या तारेत करंट सोडू नका. तो गुन्हा आहेच, पण त्या तारेला रोह्याआधी शेजाऱ्याचा पोरगा चिकटतो. अशा अंत्ययात्रांना मी गेलो आहे.

भावांनो, पूल झाला म्हणजे रोही हरभरा खायचे सोडील, असे मी म्हणत नाही. पिकाच्या नुकसानीची पुरती आणि वेळेवर भरपाई ही आपली मागणी आहे तशीच राहील, त्यात एक रुपयाची माघार नाही. जनावर सगळ्या देशाचे असेल तर त्याच्या चाऱ्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा? पण कोंडलेले जनावर जास्त खाते, जास्त नासधूस करते आणि अंगावर येते. येऊन जाणारे जनावर त्यामानाने बरे, एवढा व्यवहार आपल्या बापजाद्यांना कळत होता.

मघाशी पेढ्यांची गोष्ट काढणाऱ्या भावाला माझे एवढेच सांगणे. तुझ्या गावाजवळच्या नाल्यावर उद्या सकाळी जा. पाईपाच्या तोंडाशी वाळूत पाय उमटले असतील. रोह्याचे असतील, बैलाचे असतील, तुझ्या पोराच्या चपलेचेही असतील. सगळे तिथपर्यंत येऊन परत फिरलेले दिसतील. ते मोज, वहीत लिही आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन ये. रस्त्याच्या साहेबांकडे आपण दोघे बरोबर जाऊ.